कॉफीची भाजणी : घरातून गेली कशी, परत आणायची कशी



गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. पापड, लोणची, मसाले, जवसाची चटणी सगळेच गट करतात, प्रदर्शनात दहा टेबलांवर तोच माल दिसतो. मग कोणीतरी म्हणते, नागपूरला कॉफीची नवी नवी दुकानं निघाली आहेत, आपण कॉफी भाजून विकली तर? त्यावर दुसरी हसते. आपला जिल्हा धानाचा, घरोघरी चहाचा. कॉफीचं झाड तरी कोणी पाहिलं आहे का इथे?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आजच्या बोलण्यात आपण कॉफी भाजण्याचा इतिहास पाहणार आहोत. कर्ज काढून यंत्र घेण्याआधी हा इतिहास कळलेला बरा, असं आम्हाला वाटतं.

पहिली गोष्ट झाडाची. भंडाऱ्यात कॉफी पिकत नाही हे खरं. आपल्या विदर्भात ती पिकते ती अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या डोंगरावर. इंग्रजांच्या काळात तिथे लागवड झाली आणि महाराष्ट्रात कॉफीचं ठिकाण म्हणून आजही चिखलदऱ्याचंच नाव घेतात. छत्तीसगडमध्ये बस्तरच्या दरभा भागात 2017 पासून लागवड सुरू झाली. बाकी बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूच्या डोंगरांतली.

पण भाजण्यासाठी झाड दारात असावं लागत नाही. जगात कॉफी भाजण्यासाठी नावाजलेली किती तरी शहरं अशी आहेत, की जिथल्या थंडीत कॉफीचं रोप एक हिवाळाही जगणार नाही. याचं कारण साधं आहे. कॉफीची कच्ची बी वाळवून कोरड्या जागी ठेवली तर कित्येक महिने टिकते. भाजली की तिचा वास काही आठवड्यांत उतरू लागतो, आणि दळली की त्याहून लवकर. म्हणून कच्चा माल लांबून आणायचा आणि भाजायचं मात्र पिणाऱ्याजवळ, ही जुनी रीत आहे. आपल्यासारख्या छोट्या गटाला या धंद्यात जागा आहे ती एवढ्याच कारणाने.

आता मुळाकडे जाऊ. कॉफी मूळची आफ्रिकेतल्या इथिओपियाची. तिथे पाहुणे आले की घरची बाई निखाऱ्यावर तवा ठेवते, कच्च्या बिया धुऊन त्यावर टाकते आणि हलवत राहते. बिया भाजून धूर निघू लागला की तवा उचलून पाहुण्यांपुढून फिरवते, म्हणजे वास सगळ्यांना मिळावा. मग बिया कुटायच्या आणि मातीच्या सुरईसारख्या भांड्यात उकळायच्या. आजही तिथे हा रिवाज आहे, आणि भाजणारी बाईच असते. कधी थांबायचं हे तिला नाकाने आणि कानाने कळतं. आपल्याला जवस तडतडलं की कढई उतरवायची हे जसं कोणी शिकवलेलं नसतं, तसंच.

इथिओपियातून कॉफी समुद्रापलीकडे येमेनमध्ये गेली. तिथून ती आपल्याकडे कशी आली याची कथा बाबा बुडन या सूफी फकिराची सांगतात. सतराव्या शतकात हजहून परतताना त्यांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. त्या डोंगराला आजही बाबा बुडनगिरी म्हणतात. सातच का, आठ का नाहीत, हे कथेलाच ठाऊक.

पुढची दोनशे वर्षं युरोपात काय आणि अमेरिकेत काय, बरीचशी कॉफी घरीच भाजली जाई. दुकानातून कच्ची बी आणायची आणि लोखंडी तव्यावर भाजायची. काम कटकटीचं होतं. एका बाजूने बी जळायची, दुसऱ्या बाजूने कच्ची राहायची, आणि मूठभर जळक्या बियांनी सगळी कॉफी कडू व्हायची. हे सांगायलाच हवं, नाहीतर जुनं ते सगळं सोनं होतं असं वाटेल.

1864 साली न्यूयॉर्कमध्ये जेबेझ बर्न्स या माणसाने भाजणीच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात नवं काय होतं? त्याआधीची भाजणीची पिंपं रिकामी करायची तर आगीवरून उचलावी लागत. तेवढ्या वेळात आतल्या बिया भाजतच राहत. बर्न्सच्या यंत्रातला माल पिंप न उचलता झटक्यात बाहेर पडे. बायांनो, यातलं मर्म तुम्हाला लगेच कळेल. भाजणं सोपं असतं, वेळेवर थांबवणं अवघड. गरम कढईत ठेवलेले शेंगदाणे गॅस बंद केल्यावरही लाल होत जातात, तसंच हे.

त्याच सुमाराला जॉन आर्बकल नावाच्या व्यापाऱ्याने अमेरिकेत भाजलेली कॉफी कागदी पुड्यांत भरून विकायला सुरुवात केली. वास टिकावा म्हणून बियांवर साखर आणि अंड्याचा लेप दिला. पुडीत पेपरमिंटची कांडी घातली, पुढे कुपनं आली आणि त्यांवर घरातल्या वस्तू मिळू लागल्या. खपाची ही युक्ती आज आपल्याला नवी नाही. त्याच्या पुड्यांनी घरातला तवा थंड केला. 1938 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे निघाली, मग तर दळायचंही कारण उरलं नाही, गरम पाणी पुरे झालं.

यात बाईचे कष्ट वाचले, हे मोठंच काम झालं. पण भाजणी किती करायची, हलकी की गडद, हे ठरवणं मात्र तिच्या हातून गेलं. ते कारखान्यात ठरू लागलं. आणि कारखान्याला गडद भाजणी सोयीची असते, कारण बी काळसर भाजली की हलक्या मालाचे दोष त्या कडूपणात झाकले जातात.

आपल्या देशात गोष्ट थोडी वेगळी घडली. 1936 मध्ये कॉफीचा खप वाढावा म्हणून मुंबईला चर्चगेटजवळ पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं. 1942 च्या कायद्यानंतर कॉफी बोर्डाकडे व्यापाराची सूत्रं आली. मळेवाल्याने आपली कॉफी बोर्डाच्या साठ्यात जमा करायची आणि बोर्डाने ती विकायची, अशी पद्धत अनेक दशकं चालली. 1957 मध्ये बोर्डाने कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा कामावरून निघालेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या आणि कॉफी हाऊसं स्वतः चालवली. आपल्या गटांनी लक्षात ठेवावी अशी ही हकिकत आहे, पण तिच्यावर वेगळं बोलावं लागेल. आपल्या कामाचा मुद्दा असा की 1990 नंतरच्या काही वर्षांत बोर्डाच्या साठ्याची सक्ती टप्प्याटप्प्याने उठली, 1996 पर्यंत मळेवाले आपला माल मोकळेपणाने विकू लागले. छोट्या भाजणाऱ्याने मळ्याशी बोलून एखादं पोतं विकत घ्यायचं, हे शक्य झालं ते त्यानंतर.

भाजण्याची छोटी दुकानं मात्र त्याआधीही होती. मुंबईत माटुंग्याला दक्षिणेकडची मंडळी राहायला आली आणि त्यांच्या मागोमाग कॉफीची दुकानंही आली. तिथे गिऱ्हाईक बियांचा प्रकार सांगतं, चिकोरी किती टक्के घालायची ते सांगतं, आणि पूड समोर दळून मिळते. आपल्याकडच्या मराठी घरांतली कॉफी वेगळी, भरपूर दुधाची, वर जायफळ किसून. ती पाहुण्यांची कॉफी. त्यामुळे आपलं गिऱ्हाईक कोण, दुधाची कॉफी पिणारं की बिनदुधाची, हे आधी ठरवावं लागेल. भाजणी त्यावर ठरते.

चिकोरीचं नाव निघालंच आहे, तर तेही सांगून टाकू. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, ते वाळवून भाजतात आणि दळतात. रंग आणि कडूपणा देते, पण कॉफी नव्हे. 1806 मध्ये नेपोलियनने इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली, युरोपात कॉफी मिळेना, तेव्हा चिकोरीचा वापर फार वाढला. पुढे लोकांना चव लागली आणि व्यापाऱ्यांना नफा. 1850 च्या सुमाराला लंडनमध्ये आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने बाजारातली कॉफी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर 'शुद्ध' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक नमुन्यांत चिकोरी निघाली.

आपल्याकडे आज नियम असा आहे की कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असलीच पाहिजे, आणि दोन्हीचं प्रमाण पाकिटावर छापलं पाहिजे. चिकोरी घालणं गुन्हा नाही, न सांगता घालणं गुन्हा आहे. घरी पाहायचं असेल तर काचेच्या ग्लासात थंड पाणी घ्या आणि वर चिमूटभर पूड टाका. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी लवकर खाली बसते आणि जाताना तपकिरी रेघ सोडत जाते.

आता अशा एका बाईची गोष्ट, जिने चव सुधारण्यासाठी नीट प्रयोग केला. जर्मनीत ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्स ही गृहिणी राहत होती. तिला कॉफीच्या तळाशी राहणारा गाळ आणि कडूपणा आवडत नसे. तिने एक पितळी भांडं घेतलं, त्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टिपकागद कापून आत बसवला. 1908 मध्ये तिने त्याची सरकारी नोंदणी करून घेतली, त्याच वर्षी घरातच उद्योग सुरू केला. नवरा आणि मुलं कामाला. 1909 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तिची बाराशे गाळणी खपली. ती कंपनी आजही आहे.

पितळी भांडं म्हटल्यावर भंडाऱ्याच्या माणसाचे कान टवकारणारच. आपलं गाव पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. दक्षिणेतलं दोन मजली कॉफी गाळणंही पूर्वी पितळेचंच असे. आपल्या कारागिरांकडून ते करून घेता येईल का, हा आमच्या डोक्यातला एक किडा आहे, तो तूर्त बाजूला ठेवू.

मेलिटाबाईंच्या गोष्टीत आम्हाला आवडतं ते हे : तिने गाळायची रीत बदलली, आणि फरक पडला तो कशाने हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपण बहुतेक वेळा उलट करतो. माल बदलतो, आच बदलतो, कढई बदलतो, सगळं एकाच दिवशी. चव सुधारली तर कशामुळे ते कळत नाही, बिघडली तरी कळत नाही.

व्यापाऱ्यांनाही हे उशिराच सुचलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत कॉफीची बी डोळ्यांनी पारखत. मोठी, एकसारखी, छान रंगाची बी म्हणजे चांगली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये क्लॅरेन्स बिकफर्ड नावाच्या माणसाने प्रत्येक नमुना भाजून, कपात घालून चाखायला सुरुवात केली. तेव्हा दिसलं की उंच डोंगरावरची बारीक बी, जिला कोणी भाव देत नव्हतं, चवीला मोठ्या बीपेक्षा सरस आहे. आपल्याकडे शहरातली माणसं लांब, पांढराशुभ्र तांदूळ पाहून भुलतात आणि आपण घरी बारका वासाचा ठेवतो, त्यातलीच ही गत.

पण चाखण्यातही फसगत असते. ज्या बाईने नवी भाजणी केली तिला ती चांगलीच लागणार. अध्यक्षताईंनी 'वा' म्हटलं की बाकीच्या मान डोलावणार. यावर उपाय सापडला तो एका चहाच्या कपातून.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे. 1920 नंतरच्या काळात तिथे म्युरिएल ब्रिस्टल या शेवाळाचा अभ्यास करणाऱ्या बाई काम करत. एकदा रोनाल्ड फिशर या गणितज्ञाने त्यांच्यापुढे चहा केला. बाई म्हणाल्या, मला नको, यात दूध नंतर घातलं आहे, मला दूध आधी घातलेला लागतो. फिशर म्हणाले, काय फरक पडतो? बाई म्हणाल्या, पडतो आणि मला कळतो. मग परीक्षा ठरली. आठ कप. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. क्रम उलटसुलट. बाईंनी चाखून चार-चार वेगळे काढायचे. आठांतून चार निवडायच्या एकूण 70 तऱ्हा होतात, म्हणून नुसत्या अंदाजाने सगळं बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. बाईंनी सगळे बरोबर ओळखले असं सांगतात. फिशर यांनी 1935 च्या आपल्या पुस्तकात हाच प्रयोग मांडला आणि प्रयोग कसा रचावा हे जगाला त्यावरून शिकवलं. एका बाईच्या जिभेवर शंका घेतली आणि त्यातून अख्खं शास्त्र उभं राहिलं, हे आम्हाला फार गमतीचं वाटतं.

याचंच सोपं रूप म्हणजे तीन कपांची परीक्षा. गटात ती सहज करता येते. समजा आपण आजवर बारा मिनिटं भाजत होतो आणि आता तेरा करून पाहिली. प्रत्येकीपुढे तीन सारखे स्टीलचे ग्लास ठेवायचे. दोनांत एक भाजणी, तिसऱ्यात दुसरी. निम्म्या जणींना जुनीचे दोन, निम्म्यांना नवीचे दोन, आणि वेगळा ग्लास कधी डावीकडे, कधी मधे, कधी उजवीकडे. ग्लासाखाली नुसता आकडा चिकटवायचा. कॉफी ओतणारी वेगळी, वाढणारी वेगळी, म्हणजे वाढणारीच्या चेहऱ्यावरूनही काही कळायला नको. रंगाने फरक दिसत असेल तर डोळे मिटून चाखायचं. प्रत्येकीने वेगळा ग्लास कोणता ते चिठ्ठीवर लिहायचं, बोलायचं नाही.

नुसत्या अंदाजाने तीनातली एक बरोबर येणारच. बारा जणी असतील तर चार उत्तरं योगायोगाने बरोबर निघतील. निदान आठ जणींनी बरोबर ओळखलं तर फरक खरा आहे असं धरायचं. नऊ जणी असतील तर सहा, दहा असतील तर सात. तेवढ्या आल्या नाहीत तर त्या दिवशी तरी फरक ठरला नाही, आणि त्यावर पैसा खर्च करायचा नाही. फरक ठरला, तरच पुढचा प्रश्न विचारायचा की आवडली कोणती. आणि तो शेवटी गिऱ्हाइकाला विचारायचा.

परीक्षेआधी बाकी सगळं सारखं हवं. एकाच पोत्यातली बी, तेवढंच वजन, तीच कढई किंवा पिंप, सारखीच दळण. दोन्ही भाजण्या एकाच दिवशीच्या, कारण भाजल्यावर बीमधून वायू निघत राहतो आणि चव दिवसादिवसाला बदलते. एक-दोन दिवस मुरू देऊन चाखलेली बरी. चाखणारे जगभर साधारण 150 मिली पाण्याला सव्वाआठ ग्रॅम पूड घेतात, उकळीवरून उतरलेलं पाणी ओततात आणि चार मिनिटं थांबतात. दूध-साखर नाही. आपल्या बायांना ती कडू लागेल, तोंड वाकडं होईल, होऊ द्या. नंतर दुधातली फेरी वेगळी घ्यायची, कारण आपलं गिऱ्हाईक तीच पिणार.

भाजताना काय लिहायचं? कच्च्या बीचं वजन. बी पिवळी कधी झाली, तेव्हा वास गवताचा जाऊन भाकरीचा येतो. पहिली तडतड कधी झाली, ती लाह्या फुटल्यासारखी ऐकू येते, बीचं तापमान तेव्हा 200 अंशांच्या आसपास असतं. त्यानंतर किती सेकंदांनी उतरवली. इथे पंधरा-वीस सेकंदांनीही चव बदलते. पुढे दुसरी, बारीक तडतड होते, धूर वाढतो, बीवर तेल येतं. थंड होऊन सुपात पाखडल्यावर पुन्हा वजन.

या शेवटच्या वजनात नफा-तोटा लपलेला असतो. भाजताना पाणी उडून जातं, म्हणून एक किलो कच्च्या बीची मध्यम भाजणीला साधारण 850 ग्रॅम उरते आणि गडदला 800. समजा कच्ची बी 500 रुपये किलोने पडली. मध्यम भाजलेल्या किलोमागे नुसत्या मालाचे 588 रुपये झाले, गडदचे 625. गॅस, पाकीट, मजुरी, गाडीभाडं अजून यायचंच आहे. किलोमागे 37 रुपयांचा फरक फक्त थोडं जास्त भाजण्याने पडतो. महिन्याला 50 किलो विकली तर 1850 रुपये. गटाच्या कर्जाच्या हप्त्यात एवढी रक्कम जाणवते. गिऱ्हाइकाला गडदच हवी असेल तर दर तसा लावा, पण ती चुकून गडद होत असेल तर ते पैसे धुरात गेले.

1959 मध्ये मुंबईत गिरगावला सात बायांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, हे तुम्ही ऐकलं असेल. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला, एक स्वस्त. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि ती खाली येऊ देऊ नका. कॉफीला हे जास्तच लागू आहे. महाग बी आली की स्वस्त बी मिसळून काळी भाजायचा मोह होणार. मिसळायचीच असेल तर तीही तीन ग्लासांतून जाऊ द्या आणि पाकिटावर लिहा.

यंत्राची घाई करू नका. आधी पाच किलो कच्ची बी, एक जाड लोखंडी कढई, झारा, सूप, डिजिटल वजनकाटा, मोबाइलमधलं घड्याळ आणि एक वही, एवढ्यावर पंधरा-वीस भाजण्या होतात. कढईतल्या भाजणीवरून यंत्राची भाजणी जशीच्या तशी ठरत नाही, पण आपल्या गटातल्या कोणाचं नाक आणि जीभ पक्की आहे ते त्यातून कळतं. तीन ग्लासांत जी दर वेळी बरोबर सांगते तिला चाखणीचं काम द्या, मग ती पदाधिकारी असो की नसो. विकायची वेळ आली की अन्न सुरक्षा नोंदणी आधी करून घ्या, आणि भाजणीची तारीख पाकिटावर मोठ्या अक्षरात छापा. मोठ्या कंपनीचं पाकीट दुकानात यायलाच कित्येक आठवडे लागतात. भंडाऱ्याहून नागपूर जेमतेम 60 किलोमीटर, आपली सकाळची कॉफी तिथे त्याच संध्याकाळी पोचते.

ज्या गटांना अशी चाचणी करून पाहायची आहे त्यांनी आपल्या सीआरपी ताईंकडे नाव द्यावं. वहीत रकाने कसे आखायचे आणि ग्लासांचा क्रम कसा लावायचा ते आम्ही प्रभागसंघाच्या बैठकीत करून दाखवू. येताना प्रत्येकीने आपला ग्लास आणावा, स्टीलचाच.